कमी पडलेल्या चार मात्रा

माझ्या मायच्या गाण्यात चार मात्रा कमी होत्या. त्या मी भरल्या. कोणी धमकावलं म्हणून नाही, कोणी सांगितलं म्हणूनही नाही. दुपारच्या सुट्टीत लायब्ररीच्या मागच्या पायरीवर बसून, शिसपेन्सिलीनं, स्वतःच्या खुशीनं भरल्या. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं प्राध्यापकाला शिव्या द्यायची घाई कोणी करू नये. शिव्या द्यायच्याच तर पत्ता माझा आहे.

माय, केशरबाई, अकोल्याला कोब्यावर होती. आता सगळीकडं सिमेंटचा स्लॅब पडतो, त्यामुळं नव्या पोरांना कोबा म्हणजे काय ते सांगावं लागतं. गच्चीवर चुना आणि विटांच्या खडीचा वीतभर थर अंथरायचा, त्यावर गुळाचं पाणी शिंपडायचं आणि बारा बायांनी एका रांगेत उकिडवं बसून लाकडी थापीनं तो ठोकत सुटायचं. आठ-आठ, दहा-दहा दिवस. थर दगडासारखा वाजायला लागेपर्यंत. बाराही थाप्या एकदम पडल्या पाहिजेत. मागंपुढं पडल्या की थर कुठं दबतो, कुठं फुगतो आणि पावसाळ्यात छत गळतं. छत गळलं की मुकादमाच्या नावानं बोंब होते. म्हणून गाणं. करमणुकीसाठी उन्हात कोणी गात नाही.

गाणं उचलायची माय. रांगेच्या कडेला बसायची, पहिला शब्द तिचा, मग बाकीच्या अकराजणी धरायच्या. साठी उलटली होती. उजवं मनगट कायम सुजलेलं. तिची थापी खरं म्हणजे नुसती टेकायची. पण नत्थुजी मुकादमानं तिला काढलं नव्हतं. तो सरळ म्हणायचा, "केशरबाईची थापी गेली तं जाऊ द्या, मले तिचा गळा पाह्यजे. दुसरीनं गानं उचललं का माह्या छताले पोचे पडतात."

म्हणजे त्या गाण्यावर ती उभी होती. गाणं होतं तोवर रांगेत जागा होती. नसतं तर खाली चुना चाळायला बसावं लागलं असतं. ते काम म्हाताऱ्या बायांचं. वर्षभर चाळलं की डोळे जातात आणि छातीत खरखर सुरू होते.

गाणं तिचं स्वतःचं होतं. आधी तिच्या सासूनं शिकवलेलं होतं, त्यात कुठल्या तरी देवीचं नाव होतं. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आली आणि तिनं देवीला गाण्यातून काढून टाकलं. रिकाम्या जागी आपले शब्द बसवले. सही करता येत नव्हती, पण हे केलं.

*बारा थाप्या, एकच ठोका*
*कोनाचं छत, कोनाचं घर*
*उनात आमी, उनात*
*ठोका बाई, एकच ठोका*

एवढंच. दिवसभर एवढंच, फिरून फिरून.

मी अमरावतीला एका कॉलेजात लायब्ररीचा चपराशी होतो. सातवी पास. पुस्तकं उतरवायची, पुसायची, परत चढवायची. त्यातच एक छंदशास्त्राचं पुस्तक सापडलं. पुठ्ठा नाही, पहिली सोळा पानं नाहीत, म्हणून कोणी नेत नव्हतं. ते मी वाचलं. पुन्हा वाचलं. ऱ्हस्वाची एक मात्रा, दीर्घाच्या दोन, जोडाक्षराच्या आधीचं अक्षर दीर्घ. हे कळलं आणि मला मोजायची खाज सुटली. एस.टी.च्या पाट्यासुद्धा मोजायचो. बडनेरा सहा, अकोला पाच, मूर्तिजापूर आठ. मूर्तिजापूर मला सगळ्यात आवडायचं, कारण ते भरलेलं होतं. ज्याला शाळेनं अर्ध्यातच सोडलं त्याला असा एखादा नियम हाती लागला की तो त्या नियमाचा हवालदार होतो. मी झालो.

मराठीचे प्राध्यापक भगवंतराव. चांदूर रेल्वेकडचे, घरी काळी जमीन, पण माणूस साधा. बासष्ट साली ते वऱ्हाडातल्या कामाच्या गाण्यांचं एक लहान पुस्तक काढत होते. पेरणीची, निंदणीची, वेचणीची गाणी त्यांच्याकडं होती. कोब्याचं नव्हतं. मी मायचं गाणं वहीच्या पानावर लिहून त्यांच्या टेबलावर ठेवलं.

तोवर त्यांच्या तोंडून मला "मोतीराम, पाणी आण" एवढंच माहीत. त्या दिवशी गाणं वाचलं आणि म्हणाले, "बसा."

बसा. समोरच्या खुर्चीवर. मी बसलो. त्या खुर्चीनंच माझा घात केला असं पुढं कित्येक दिवस मी स्वतःला समजावत होतो, पण खुर्चीचा काय दोष?

त्यांनी पेन्सिल घेतली आणि अक्षरांच्या डोक्यावर खुणा करायला लागले. दीर्घाला आडवी रेघ, ऱ्हस्वाला चंद्रकोर. माझ्या मायच्या शब्दांवर कोणी इतका वेळ वाकून बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"बारा थाप्या, आठ. एकच ठोका, आठ. सोळा झाल्या. छान. कोनाचं छत, आठ. कोनाचं घर, आठ. पुन्हा सोळा. अहो, हे तर चोख आहे. उनात आमी, आठ. उनात..." पेन्सिल थांबली. "चार. बाराच होतात."

परत मोजल्या. मीही मनात मोजल्या. बाराच.

"चौथी ओळ पुन्हा सोळा," ते म्हणाले. "म्हणजे तिसरीच लंगडते. चार मात्रा कमी. आणि बघा, घरला यमक नाही. पहिल्या ओळीच्या शेवटी ठोका, चौथीच्याही शेवटी ठोका. शब्दाचं यमक त्याच शब्दाशी, त्याला यमक म्हणत नाहीत. एकच दोनदा, कोनाचं दोनदा, उनात दोनदा, ठोका तीनदा. एवढ्याशा गाण्यात एवढी पुनरुक्ती! शब्दांची जरा गरिबीच आहे."

आमच्या घरी सगळ्याचीच होती, शब्दांनी काय म्हणून श्रीमंत व्हावं, असं म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "हो सर, तिसरी ओळ लंगडते."

"आईंकडून एखादा शब्द सुटला असेल. विचारून बघा. नाही तर आहे तसंच छापू. खाली टीप देऊ, मूळ गाण्यात येथे छंद सदोष आहे म्हणून."

आहे तसंच छापू, असं तो माणूस म्हणाला होता. हे विसरू नका. मी ते ऐकलंच नाही. माझ्या डोक्यात राहिला तो एकच शब्द, सदोष. वर लिहिलेलं असणार, गायिका केशरबाई, अकोला. आणि खाली सदोष. आयुष्यभर बाईला लोकांनी दोषच दाखवले, आता छापून दाखवणार. ते मला सोसवलं नाही.

दुपारी पायरीवर बसलो आणि शब्द सापडायला विडी संपायचाही वेळ लागला नाही. *उनात आमी, उनात दिनभर.* दि, न, भ, र. चार. आणि वर घर, खाली दिनभर, यमकही जुळलं. मी किती खूश झालो ते लिहायची आता लाज वाटते. मायच्या साडीचं भोक रफू केल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं, "मायला विचारलं. शब्द राहिला होता."

साफ खोटं. माय अकोल्याला, मी अमरावतीला, एका दिवसात कोण कोणाला विचारणार? पण भगवंतरावांचा चेहरा फुलला. "बघा!" ते म्हणाले. "लोक चुकत नसतात, मोतीराम. लिहून घेणारा चुकतो."

पुस्तक छापून आलं. पिवळं कव्हर, बासष्ट पानं. एकेचाळिसाव्या पानावर माय. शनिवारी अर्धी सुट्टी टाकून अकोल्याची एस.टी. धरली. माय ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिनं आधी हात धुतले, पदराला पुसले, मग पुस्तक घेतलं. उलटं धरलं होतं. मी सरळ करून दिलं.

"यात मी कोठी हाओ?"

बोट ठेवून दाखवलं. तिनं त्यावर आपलं बोट ठेवलं. चुन्यानं तिच्या बोटांचे ठसे कधीच खाऊन टाकले होते.

"वाच."

वाचलं. तिसऱ्या ओळीवर ती थबकली. "दिनभर? हे कुठून आलं रे?"

"लागत होतं माय. चार मात्रा कमी होत्या."

"मात्रा? वैदूच्या?"

"नाही वं. अक्षरं मोजतात. प्रत्येक ओळीचं वजन सारखं पाहिजे. तुझी तिसरी ओळ कमी भरत होती."

तिनं तांदळातला एक खडा वेचला. मग म्हणाली, "इतकी वर्सं मी गानं चुकीचं म्हणून राहिली होती काय?"

"चुकीचं नाही..."

"पन कमी होतं ना?"

"हो," मी म्हणालो.

ते "हो" मी परत घ्यायला गेलो, पुढं अनेकदा गेलो. पण जे एकदा लेकानं म्हटलं, आणि लेकही शिकलेला, कॉलेजातला, ते परत कसं घेणार?

"एकीनंबी सांगतलं नाई," माय म्हणाली. "बाराजनी लंगड्या." आणि हसली. "बरं झालं तू शिकला. वाच, आता पुन्हा वाच."

दिवस मावळेपर्यंत तिनं ते पाठ केलं. ओट्यावर मांडी घालून, तळहातानं जमिनीवर ठेका धरून. *उनात आमी, उनात दिनभर.* बसल्या जागी कुठं अडत नव्हतं. मला वाटलं, वा.

रविवारी कामाला सुट्टी नव्हती. पावसाळ्याआधी छत पुरं करायचं होतं. एका शाळेचं वसतिगृह बांधत होते. माय म्हणाली, "चाल संगं. नवं गानं आइक." मीही गेलो, पुस्तक खिशात घालून. वर गच्चीवर बायांनी पुस्तक हातोहात बघितलं. जाईबाई नावाची एक सुरकुतलेली, मिस्कील बाई होती, ती म्हणाली, "केशरबाई, आता तुले थापी कायले? आता तू खुर्चीवर बसून गात जाय."

इंदूबाई तिच्या शेजारची, तरणी, जिभेची तिखट. ती म्हणाली, "आन् आमचं नाव कोठी हाय भाऊ? बारा थाप्या लिवलं, बाराजनी नाई लिवल्या?"

मी हसून पुस्तक परत खिशात घातलं.

रांग बसली. मायनं गाणं उचललं. पहिली ओळ, दुसरी ओळ, धप् धप् धप् धप्. तिसरी ओळ आली. उनात, धप्. आमी, धप्. उनात, धप्.

आणि मग मायनं "दिनभर" म्हटलं. अर्ध्या बायांनी तिच्या शब्दावर थापी हाणली. अर्ध्या बायांची अंगं मागं सरकली.

जाईबाई किंचाळली. सरकताना तिनं डावा तळवा कोब्यावर टेकला होता, आणि शेजारी इंदूबाईची थापी दिनभरवर खाली आली होती.

दोन बोटं. रक्त फार नव्हतं, पण नखं तिथल्या तिथं काळी पडली. इंदूबाई रडायला लागली, जाईबाईनं तोंडात पदर कोंबला. नत्थुजी शिडीवरून धावत आला.

"काय झालं व? कोन चुकलं?"

मायनंच सांगितलं, "पोरी सरकल्या मधातच. नवं गानं हाय, बसाले येळ लागन."

"नवं कायले?" नत्थुजी म्हणाला. "जुन्याले काय आग लागली होती?"

मी कठड्याशी उभा होतो. जाईबाईच्या बोटाला हळदीची चिंधी बांधली, रांग पुन्हा बसली, आणि बायांनी सवयीनं मायच्या आधीच जुनं गाणं धरलं. तेव्हा मी मोजलं. पहिल्यांदाच अक्षरं सोडून थाप्या मोजल्या. पहिल्या ओळीला चार. दुसरीला चार. तिसरीला तीन. आणि मग रिकामं. त्या रिकाम्यात बाराही बाया डावा तळवा टेकतात, अंग उचलतात, वीतभर मागं सरकतात, थापी वर घेतात. मग चौथी ओळ, चार ठोके. पंधरा ठोके आणि एक सरकणं.

चार मात्रा कमी नव्हत्या. त्या मात्रांत माझी माय आणि अकरा बाया सरकत होत्या. मी ती जागा दिनभरनं बुजवून टाकली.

हे मी जन्मापासून बघितलं होतं. मला कळलं नाही, कारण मी गाणं लिहून घेतलं ते घरी, ओट्यावर, माय भाजी चिरत असताना. आणि मायला कळलं नाही, कारण सरकणं तिच्या अंगाला माहीत होतं. गाण्यातही त्याची जागा आहे हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. बसल्या जागी गाणाऱ्याला सरकायचं कशाला असतं?

संध्याकाळी नळावर तिला सांगितलं. सगळं सांगितलं. मीच शब्द घातला, मी खोटं बोललो, जुनी ओळ बरोबर होती, त्या जागी सरकायचं असतं.

ती घागर घासत होती. "म्हंजे बुकात चूक छापली?"

"हो."

"बुकात कशी चूक राहीन रे? एवढे मोठे साहेब. त्याईनं तपासलं असन ना?"

"मी सांगितलं म्हणून त्यांनी..."

"तू मोजल्या होत्या ना? का नव्हत्या मोजल्या?"

"मोजल्या होत्या."

"कमी होत्या का नाई?"

"होत्या, पण..."

"मंग." तिनं घागर नळाखाली ठेवली. "जाईचं बोट चेंदलं म्हनून तुले वाईट वाटून राहिलं. मलेबी वाटते. पन त्यात गान्याचं काय? आंग सुधरन. बायाईले शिकवावं लागन."

तिला कसं सांगू की अंग आधीच बरोबर आहे?

पुढचे तीन दिवस ती बायांना शिकवत राहिली. हे मला नंतर इंदूबाईनं सांगितलं. रोज तिसऱ्या ओळीवर रांग फाटायची. काहीजणी सरकायच्या, काहीजणी ठोकायच्या, काहीजणी थापी हवेत धरून तिच्या तोंडाकडं बघायच्या. कोणी म्हटलं, काकी, जुनंच म्हणू वं, तर ती म्हणायची, "बुकात गेलं आता. बुकातलं सोडून लंगडं कायले म्हनू?" चौथ्या दिवशी नत्थुजीनं गच्चीवर पाणी ओतून बघितलं. तीन ठिकाणी थबकलं.

"केशरबाई," तो म्हणाला, "मले बुक नको. मले छत पाह्यजे." आणि तिला खाली चुन्यावर बसवलं. रांगेत तिच्या जागी दुसरी बाई बसवली, गाणं उचलायला इंदूबाईला घेतलं.

मी भगवंतरावांकडं गेलो. या वेळी बसा म्हणायची वाट पाहिली नाही, उभ्यानंच बोललो. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे आईंना तुम्ही विचारलंच नव्हतं."

"नाही."

"मी आहे तसं छापतो म्हटलं होतं, मोतीराम."

"हो."

"मग?"

ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कपाटातून पुस्तक काढलं, एकेचाळिसावं पान उघडलं, दिनभरवर रेघ मारली. तिथं चार टिंबं दिली. मग त्या टिंबांकडं बघत राहिले आणि हळूहळू त्यांच्या डोळ्यांत चमक आली.

"अहो, पण हे विलक्षण आहे. ओळ शब्दांत बारा मात्रांची आणि कामात सोळा मात्रांची! शरीरानं भरलेली जागा. यावर लेख होईल. आपण दोघांनी मिळून लिहू."

"लेख नको सर. सगळ्या पुस्तकांत चिठ्ठी चिकटवा."

"पुस्तकं गेली. साऱ्या जिल्ह्यात शाळाशाळांत गेली. आता दुसरी आवृत्ती निघेल तेव्हा."

दुसरी आवृत्ती. मला हसू आलं.

मग ते म्हणाले, "आईंना मी पत्र लिहितो." आणि खरंच लिहिलं. कॉलेजचं नाव असलेल्या कागदावर, सुवाच्य अक्षरात. आदरणीय केशरबाई यांस. आपले मूळ गाणेच योग्य असून त्यात कोणताही दोष नाही. चूक आमची झाली. खाली सही, तारीख. एका कोब्यावरच्या बाईला कोणत्या प्राध्यापकानं असं पत्र लिहिलं असेल? मी ते घडी न घालता, दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून अकोल्याला नेलं. एस.टी.त मूर्तिजापूर आलं, पाटीकडं बघितलं नाही.

मायनं पत्र ऐकलं. दोनदा ऐकलं. मग कागद हातात घेऊन निरखला.

"हे तं हातानं लिवलं हाय."

"हो. सरांनी स्वतः."

"अन् बुक छापेल हाय."

"माय, लिहिणारा माणूस तोच आहे. तोच सांगून राहिला, तुझं बरोबर होतं."

ती माझ्याकडं बघून हसली. पोराची समजूत काढताना हसतात तशी. "लय मोठ्या मनाचे हायेत साहेब. मी खाली बसली हे तू सांगतलं असन. म्हातारीले वाईट वाटू नये म्हनून लिवलं बिचाऱ्यानं. चांगला मानूस." आणि पत्र देवळीत पुस्तकावर ठेवून दिलं. "जपून ठिवतो."

त्या दिवशी मी तिच्यावर ओरडलो. तुले अक्कल नाही म्हणालो. छापलेलं सगळं खरं असतं तर आपल्या जातीबद्दल काय काय छापून ठेवलं होतं ते पण खरं का, असं विचारलं. शेजारचे बाहेर येऊन उभे राहिले. ती शांतपणे म्हणाली, "थे त्याईनं छापलं होतं. हे माह्या लेकानं छापलं."

मी चपला घातल्या आणि स्टँडची वाट धरली.

महिन्याभरानं पुन्हा गेलो. पोचे पडलेलं उकरून पुन्हा ठोकण्यात दिवस गेले होते, आता छत संपत आलं होतं. वसतिगृहाखाली सावलीत माय चुना चाळत बसली होती. तोंडाला पदर बांधलेला, भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. डोळे लाल. शेजारी घमेली भरून ठेवलेली. मी बाजूला विटेवर बसलो. वरून थाप्यांचा आवाज येत होता, एकसारखा, बाराही एकदम. इंदूबाईचा आवाज मायएवढा गोड नव्हता, पण खणखणीत होता.

*कोनाचं छत, कोनाचं घर. उनात आमी, उनात.*

मग शांतता. मला इथून दिसत नव्हतं, पण बाराजणी सरकल्या.

"आइकलं?" माय म्हणाली.

"काय?"

"थे इंदू. दिनभर खाऊन टाकते. रोज आइकून राहिली मी. एकडाव बी म्हनत नाई." तिनं चाळणी थांबवली. "जाय, वर जाऊन सांग तिले. माह्यं नाई आइकनार. तू शिकेल हायेस, तुह्यं आइकन."

"जाऊ दे ना माय."

"जाऊ दे कसं? पोट्टे बुकात वाचतीन एक, अन् ह्या म्हनतीन एक. हसतीन ना लोकं."

मी शिडी चढलो. दुपारचं ऊन गच्चीवरून उलटं तोंडावर येत होतं. रांग पाठमोरी होती. इंदूबाईनं मान न वळवता विचारलं, "कोन? मोतीराम भाऊ? मात्रा मोजाले आले काय?" बाया हसल्या, पण एकीचीही थापी चुकली नाही. तिसरी ओळ आली. बारा डावे तळवे चुन्यावर टेकले. त्यात जाईबाईचाही होता, दोन नखं अजून काळीच. रांग वीतभर मागं, माझ्याकडं आली. मी एक पाऊल मागं झालो. पुढच्या फेरीला पुन्हा एक. काही न बोलता खाली उतरलो.

"सांगतलं?" मायनं विचारलं.

"सांगतलं."

ती कान देऊन बसली. हातात भरली चाळणी, मनगट सुजलेलं. वर ओळ आली. उनात आमी, उनात. मग ती जागा आली आणि मायचे ओठ पदराआड हलले, हळूच, वर कोणालाही ऐकू जाणार नाही असे. "दिनभर."

वर थाप्या पुन्हा सुरू झाल्या.

"नाई आइकत," ती म्हणाली, आणि चाळणीतले खडे बाजूला ओतून तिनं पुढचं घमेलं ओढलं.